गाळलेली दोन वाक्यं

रविवार, ता. ९

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेमाबद्दल मी नेहमी ‘असावे’ लिहून मोकळा होतो. आज त्या शब्दाशी लेखणी अडली. त्याकडे नंतर येतो.

प्रथम तक्रार. तुझ्या संस्थेने परवा लोकांच्या फोनवर जो तपासणीचा संदेश सोडला, त्याखालच्या ओळीला तीन उद्गारचिन्हं आहेत. मी तपासून दिलेल्या मसुद्यात एक होतं. गुण तीन, काळ तीन, ऋणं तीन, इथवर शास्त्र सोबत येतं. तीन उद्गारचिन्हांना कुठल्याही सूत्राचा आधार नाही. शेजारी पुन्हा ते पिवळं फूल. कर्करोगाच्या तपासणीला बोलावता आहात की सहलीला?

हे मुद्दाम कागदावर लिहितो आहे. फोनवर लिहिलं तर तू एक अंगठा पाठवशील आणि विषय मिटेल.

काल केस कापायला गेलो होतो. गालाला साबण लावून झाला होता. न्हावी म्हणाला, “गुरुजी, हे ऐकाच. काय बोललीय बाई! आमच्या हिला मी वर्षभर सांगतोय, जाऊन दाखवून ये, दाखवून ये. ऐकेल तर शपथ. हे ऐकलं आणि आपणहून बटण दाबून सोमवारची वेळ घेतलीन.” असं म्हणून त्याने फोन आरशापुढच्या पावडरीच्या डब्याला टेकवून ठेवला.

मजकूर ओळखीचाच होता. ‘छातीत गाठ हाताला लागली. ती नाहीच, असं धरून मी महिनाभर वावरले.’ प्रत्येक स्वल्पविराम माझ्या हाताखालून गेलेला. शुद्धलेखन आवाजात ऐकू येत नाही, याचं मला थोडं वाईटही वाटत होतं.

मग आवाज ओळखला. ‘म्हणजे’ म्हणण्याआधी श्वास आत ओढायची खोड जगात एकाच बाईला आहे, आणि तिला सायकल मी शिकवली आहे.

न्हावी काहीतरी विचारत होता. मी हो म्हणालो असणार, कारण मिशी गेली आहे.

ठकू, नावाला जागलीस. गावभर बायका तुझं दुखणं ऐकून रांगेत उभ्या राहताहेत, न्हाव्याला ठाऊक, न्हाव्याच्या बायकोला ठाऊक, आणि तुझा सख्खा भाऊ साबणाचा गाल घेऊन खुर्चीत बसलेला.

तू म्हणशील, दादा, मी तर तुला सगळ्यांच्या आधी पाठवलं होतं. पाठवलं होतंस. ‘वेगळ्या धर्तीचा संदेश आहे, जरा नजर टाक,’ असं लिहून. मी विचारलं, “ही बाई कोण?” तू लिहिलंस, “आहे एक.” मी बापडा मसुदा छापून घेऊन लाल पेन उघडून बसलो. त्यात दोन वाक्यं होती. ‘भावाला अजून सांगितलेलं नाही. तो हसण्यावारी नेईल आणि मग एकटाच रडत बसेल.’ मी समासात शेरा मारला: अनावश्यक. शिवाय असा भाऊ पटत नाही. गाळावे.

तुझं उत्तर आलं, “बरं दादा, गाळते.”

काल त्या जागी तू क्षणभर थांबलीस. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईने श्वास घेतला.

पण तपासायला मजकूर धाडणं म्हणजे भावाला सांगणं नव्हे. मसुद्यावर मी मास्तर असतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? दार ठोठावायचं तर नेमकं तेच दार ठोठावलंस, ज्यामागे मी नसतो.

घरी आलो तर तुझी वहिनी भाजी निवडत होती. म्हटलं, “ठकूचा आवाज ऐकला.” तिने मान वर न करता विचारलं, “कळलं का एकदाचं? आणि मिशीला काय झालं?”

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी ती तुझ्या उशाशी होती म्हणे. मला सांगून गेली होती, मैत्रिणीकडे जाते. मी तिला आठवणीने छत्री दिली होती.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय केलं असतंत? आधी एक विनोद, मग एक सुभाषित. तिला तेव्हा दोन्ही नको होतं.”

यावर मला एक सुभाषित आठवलं. गिळलं. इकडची एक आणि तिकडची एक, दोन बायका मिळून मला इतके महिने शहाणा समजू देत होत्या, याचा राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसलो.

थोड्या वेळाने विचारलं, “पण आता बरी आहे ना ती?” वहिनीने हातातली काडी मोडली. म्हणाली, “ते तिलाच विचारा.”

म्हणून विचारतो आहे.

तुमच्या कामाची रीत तूच मला समजावली होतीस. आकडे सांगितले की लोक घाबरतात आणि बोटाने पुढे सरकवतात. एका माणसाची गोष्ट सांगितली की थांबतात. भीती चिमूटभर घालायची आणि शेवट मात्र गोडच हवा; शेवट गोड नसेल तर माणूस फोन उलटा ठेवतो, बटण दाबत नाही. मला हे फार पटलं होतं. आपल्याकडच्या जुन्या नाटकांनाही शोकान्त चालत नसे, असं मी तुला वर ऐकवलंही होतं.

तुझ्या संदेशाचं शेवटचं वाक्य आहे, ‘वेळेत कळलं, म्हणून आज मी पूर्ण बरी आहे.’ त्यातला ‘पूर्ण’ ठेवावा की काढावा, यावर मी चहा होईपर्यंत विचार केला होता. ठेवला. लय बरी वाटली म्हणून.

ठकू, ते वाक्य तुझं आहे की बटणासाठी आहे?

उद्गारचिन्हं हवी तेवढी घाला. मिशी येईल. तुझ्यावरचा रागही, मला माझा अनुभव आहे, फार टिकणार नाही. मला फक्त त्या एका शब्दाची भीती वाटते आहे, आणि ती मला हसण्यावारी नेता येत नाही.

एकटा बसलेला,
तुझा दादा