अरुंद चरातले पाणी

॥ श्री ॥

बाळकुम, ता. ८ नोव्हेंबर १९५३

तीर्थरूप गोदाताईस, धाकट्या राघोचा शि. सा. नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या शीला सूनबाईस आशीर्वाद.

परवा सकाळी भरतीच्या आधी मिठागरात खाडीचे पाणी घ्यायच्या उघाडीवर गेलो. बाबांच्या पितळी डबीतून दोन बिड्या काढल्या. एक पेटवून त्यांच्या बसायच्या दगडावर ठेवली, एक मी ओढली. ते गेल्यापासून चौदा वर्षे हा नेम देवपूजेसारखा पाळतो आहे. मग फळी उचलली आणि त्यांच्यासारखाच बांधावर कान टेकून पडलो. चर कुठे गाळाने अरुंद झाला आहे ते बाबा आवाजावरून सांगत. मोकळ्या चरात पाणी गप्प चालते, अडचणीत आले की सळसळत धावते. तू चिखलात निवट्या मासे पकडताना मध्येच ओरडायचीस आणि आवाज हुकला म्हणून ते रागवायचे. आठवते ना?

परतताना वडाजवळ उजव्या पोटरीत गोळा आला. थांबलो की जातो, शंभर पावलांवर पुन्हा येतो. तुझी भावजय मालन म्हणते, म्हातारपण. पन्नाशी तरी होऊ दे, म्हटले.

लोभ आहे तसा राहू दे.

राघो

डोंबिवली, ता. १३ नोव्हेंबर १९५३

चि. राघोस, गोदाचे अनेक आशीर्वाद. लिहिणार शीला.

अरे, आई काय करायची ते विसरलास? जाडे मीठ तव्यावर तापव, पुरचुंडी बांध आणि तळपायापासून पोटरीपर्यंत चांगला चटका बसेपर्यंत शेक. मालनला सांग, हात राखून शेकू नकोस. मिठागरवाल्याच्या घरी मीठ नाही असे तर होणार नाही. दगडाला बिडी देतोस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण बाबा एक ओढायचे. तुझ्या किती होतात ते त्या दगडालाच ठाऊक.

माझी माया तुला ठाऊक आहेच.

गोदा

(मामा, डॉक्टरांनाही दाखवा. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. शीला.)

बाळकुम, ता. ९ डिसेंबर १९५३

तीर्थरूप ताईस शि. सा. नमस्कार.

शीलाच्या त्या ओळीमुळे ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. पोटरी दुखते म्हटले तर त्यांनी जांघ तपासली. पावलावरची नाडी त्यांना लागेना. मग जांघेवर नळी ठेवून बराच वेळ ऐकले. काय ऐकता, असे मी सारखे विचारू लागलो तेव्हा नळी माझ्या कानाला लावली. ताई, तोच आवाज. दर ठोक्याला सळसळ. माझ्या तोंडून निघून गेले, की इथे चर अरुंद झाला आहे. डॉक्टर हसून म्हणाले, आता मी काय शिकवू.

रक्तवाहिनी आतून जाड झाली आहे. त्या अरुंद जागेतून रक्त जोरात धावते, म्हणून आवाज येतो. पण तिथेच जोर खर्ची पडतो. पुढे भोवरे होतात आणि पलीकडे पोचते ते थोडे आणि मंद. बसले की तेवढ्यावर पायाचे भागते. चालू लागले की पोटरी जास्त मागते, आणि वाट तर तेवढीच. गाळ काढता येईल का, असे मी विचारले. इथे फावडे चालत नाही, म्हणाले. रोज दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. म्हणजे आजूबाजूच्या बारीक वाटा हळूहळू मोठ्या होतात. बिडी मात्र एकही नको, ती आहेत त्या वाटाही आवळते.

शीला, पुढचे ताईला वाचू नकोस. शेकाने टाचेला फोड येऊन जखम झाली. पायाला चटका कळलाच नाही. ऊब दिलेले मांस जास्त रक्त मागते, आणि ते पोचत नाही. पौष संपेपर्यंत जखम भरली नाही तर पाऊल काढावे लागेल म्हणतात. बिड्या कमी केल्या आहेत. दगडाजवळची एक सोडवत नाही. बाबांना एकटे बसवल्यासारखे वाटते.

मायेचा भुकेला,

राघो

डोंबिवली, ता. १४ डिसेंबर १९५३

चि. राघोस आशीर्वाद.

शीला वाचता वाचता थांबली आणि पदराने नाक पुसू लागली. तुझ्या पत्रात रडण्यासारखे कधी काही नसते. तिला दरडावून सगळे वाचून घेतले, दोनदा.

चटका बसेपर्यंत शेक असे मीच लिहवले होते. चाळीस वर्षे आळीतल्या बायांना ज्या पुरचुंडीने शेकले, ती काल चुलीत टाकली. शेक माझा होता, तो मी सोडला. बिडी तुझी आहे. बाबा गेले तेव्हा तू त्यांच्या तोंडात गंगा घातलीस, बिडी नव्हे. त्यांना सोबत द्यायची तर कान लावून पड. त्यांना तेच आवडायचे.

तुझ्यावर रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.

गोदा

बाळकुम, ता. २१ फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप ताईस शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र आले त्या दिवशी बिडी सुटली नाही, खोटे कशाला लिहू. दत्तजयंतीला देवापुढे बसलो तर नाम घेताना बोटे खिशातली डबी चाचपत होती. माझी मलाच लाज वाटली. तसाच उठलो, उघाडीवर गेलो, होत्या तेवढ्या बिड्या ओहोटीच्या पाण्यात सोडल्या आणि दगडाला रिकाम्या हाताने नमस्कार केला. मग कान टेकून पडलो. बाबा रागावले आहेत असे काही वाटले नाही.

टाच भरली. पाऊल काढायचा विषय डॉक्टर आता काढत नाहीत. नळीत आवाज मात्र अजून आहे. वाहिनी काही रुंद झाली नाही, म्हणाले. पण शंभर पावलांची अडीचशे झाली. गोळा आता वड ओलांडून शाळेच्या पायरीशी येतो. तिथे बसतो, मुलांचे पाढे ऐकतो आणि पुन्हा निघतो.

डबी राहिली होती. रिकामी असूनही हात तिच्याकडे जायचा. काल ती चिंचेने तीनदा घासली, तरी वास गेला नाही. आज सकाळी तिच्यात यंदाचे पहिले मीठ भरून शेजारच्या रतनबरोबर तुझ्याकडे पाठवून दिली. बाबांची वस्तू आता तुझ्याकडे असू दे. मिठाने कुणाला शेकू नकोस, आमटीत घाल.

तुझा,

राघो