डावीकडून मारलेली गाठ

आईस, धाकट्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. इथे लव्हाळ्याच्या पेंढ्या आवळून नाव बांधतोय. हजारो वर्षांपूर्वी माणसं असल्या नावेतून समुद्रापार जायची का, ते प्रोफेसरांना पडताळायचंय. ताई हसेल, म्हणेल, गुरांच्या चाऱ्यावर बसून कुठे निघालात?

परवा प्रोफेसरांनी त्या काळच्या नावेला लिंपलेल्या डांबराचा तुकडा दाखवला. त्यात गाठीचा ठसा होता. डावीकडून फिरवलेली, टोक आत दडपलेलं. आई, बाबांची गाठ गं, मी इथे नावेला मारतो तीच! शेजारी अंगठा रुतलेला. मी माझा ठेवला, तर नेमका बसला.

"कुणी शिकवली तुला ही गाठ?" प्रोफेसरांनी विचारलं.

"वडिलांनी."

"कुठे असतात ते?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून दोरी आवळताना कुणीतरी मागून हात धरतंय असं वाटतं.

नाव पौर्णिमेला सुटणार. मी आधी नाहीच म्हणालो होतो. पण वाटेत गाठ सैल झाली तर माझ्याशिवाय कुणाला आवळता येत नाही, म्हणून काल हो म्हणून आलो. घोर लावून घेऊ नकोस. बाबा एकटे होते, आम्ही सातजण आहोत.

तुझा गुडघा कसा आहे? बाबांनी जाताना दारामागच्या खुंटीला बांधलेली दोरी तशीच आहे ना? कुणाला सोडू देऊ नकोस. मी येऊन सोडेन.

तुझाच,
धाकटा