परस्पर काढलेले आवाळू

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक डॉ. श्रीनिवास देवपुजारी,
मुक्तामाई धर्मार्थ रुग्णालय,
वाराणसी.

विषय : हर्नियाच्या शस्त्रक्रियेत अर्जदाराच्या कपाळावरील आवाळूही न विचारता काढल्याबाबत, आणि अर्जदार हा पूर्वीचाच माणूस असल्याचा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीतील बाबूजींशी झालेली चर्चा. (त्यांनी बसून, अर्जदाराने उभ्याने.)

महोदय,

आपण मूळचे अमरावतीचे असल्याचे समजल्यावरून हा अर्ज मराठीत केला आहे. रागावायला अर्जदाराला हिंदीच बरी पडते. परंतु आपला मान राखायचा आहे.

१. अर्जदार वासुदेव पाळंदे, राहणार दूधविनायक, हा दशाश्वमेध घाटावरील तीर्थोपाध्याय असून महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धे, संकल्प व गंगापूजन करून उदरनिर्वाह करतो. त्याला उजव्या बाजूचा हर्निया झाल्याने आपल्या रुग्णालयात डॉ. हिमानी यांनी त्याची शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली. टाके इतके सुबक आहेत की दाखवण्यासारखी जागा असती तर अर्जदाराने चारचौघांत दाखवले असते.

२. मात्र शुद्धीवर आल्यावर अर्जदाराने सवयीने कपाळावर हात फिरवला, तो तेथे पट्टी. लिंबाएवढे आवाळू नाहीसे झाले होते. चौकशी करता कळले ते असे. अर्जदार भूल घेऊन पडला असताना डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि अर्जदाराची पत्नी सौ. इंदू हिला म्हणाल्या, "माताजी, माथे की गाँठ भी निकाल दें? बेहोश तो हैं ही." इंदू म्हणाली, "काढून टाका, कधीची डोळ्यांत खुपतेय." इंदूला भाजीबरोबर कोथिंबीर वर मागून घेण्याची सवय आहे. तिने आवाळूही त्याच हिशेबात घेतले.

३. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की घरच्यांना विचारले होते. अर्जदाराची नम्र हरकत अशी की कपाळ घरच्यांचे नव्हते. अर्जदाराने लेखी संमती दिली ती बेंबीखालच्या कामाला. ती संमती छाती, गळा, नाक असा प्रवास करीत कपाळापर्यंत कशी पोहोचली, याचा खुलासा व्हावा. आवाळू तपासणीला पाठवले व ते निरुपद्रवी निघाले, असेही सांगण्यात आले. ते निरुपद्रवी आहे हे अर्जदाराला तरुणपणापासून माहीत होते. त्यालाच विचारायचे राहिले.

४. आता मूळ दुखणे. आमच्या घाटावर यात्रेकरू आपला उपाध्याय झेंड्यावरच्या खुणेने ओळखतात. कोणाचा मासा, कोणाचा नारळ, कोणाचा पंखा. अर्जदाराच्या घराण्याला झेंडा लागला नाही, कारण आजोबांना आवाळू होते, वडिलांना होते आणि अर्जदारालाही ते वेळेवर आले. वाई, कऱ्हाड, साताऱ्याच्या घराघरांत सांगून ठेवलेले असते, "काशीत उतरलात की आवाळूवाले गुरुजी विचारा." थोडक्यात, आपल्या रुग्णालयाने गाठ काढली नसून दुकानाची पाटी काढली आहे.

५. परिणाम लगेच दिसला. गेल्या आठवड्यात वाईच्या गंगाबाई यजमानांच्या श्राद्धासाठी आल्या. अर्जदाराने पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी कपाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही कसले आमचे गुरुजी? आमच्या गुरुजींना आवाळू आहे." अर्जदाराने ऑपरेशनची हकिकत सांगितली, पोटावरचे टाके दाखवण्याचीही तयारी दाखवली. त्यावर त्यांनी पदर सावरला. मग त्याने त्यांच्या सासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे व पणजेसासऱ्यांचे नाव सांगितले. तेव्हा बाई सुनेला म्हणाल्या, "बघ गं, मेल्यानं किती पाठ केलंय. काशीत असंच फसवतात." आणि त्या शेजारच्या छत्रीखाली बसणाऱ्या तरुण उपाध्यायाकडे, यज्ञेश्वराकडे गेल्या.

६. सदर यज्ञेश्वर हल्ली कपाळावर चंदनाचा गोळा थापून बसतो. जागा तीच, आकार तोच. विचारले तर म्हणतो, "काका, डोकं थंड राहतं."

७. अर्जदार आवाळू परत मागत नाही. ते जाळून टाकल्याचे बाबूजींनी सांगितले. अर्जदाराने त्या दिवशी आंघोळ केली. सबब विनंती एवढीच की, 'कपाळावर आवाळू असलेला वासुदेव पाळंदे आणि नसलेला वासुदेव पाळंदे हे एकच होत' असा दाखला मराठीत, मोठ्या अक्षरांत, शिक्क्यासह मिळावा. तो छत्रीच्या दांड्याला टांगण्यात येईल.

८. दुसरी विनंती अधिक निकडीची आहे. पुढील महिन्यात डाव्या बाजूचे ऑपरेशन त्याच डॉक्टरबाईंकडे आहे. अर्जदाराला हात त्यांचाच हवा. परंतु डाव्या कानामागे एक चामखीळ आहे आणि इंदूची नजर तिकडे गेलेली अर्जदाराने पाहिली आहे. तरी अर्जदार बेशुद्ध असताना, जिवाला धोका नसेल तर, ठरल्याखेरीज काहीही काढू नये. अगदीच राहवले नाही तर टाके घालून त्याला उठवावे आणि विचारावे. चामखिळीला तो कदाचित हो म्हणेलही. आवाळूलाही म्हणाला असता की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही, आणि रात्री उशीवर डोके टेकताना अर्जदाराला तेवढेच बोचते.

९. दाखल्यासाठी 'पहचान कौन करेगा?' असे बाबूजींनी विचारले. घाटावर त्याला ओळखणारे सगळे आवाळूवरून ओळखत. तरी नाइलाजाने पत्नीची साक्ष खाली जोडली आहे.

आपला नम्र व पूर्वीचाच,
वासुदेव पाळंदे

सोबत :
१) छायाचित्र, आवाळूसह (पुतणीच्या लग्नातले; आवाळूवर अक्षता दिसत आहेत).
२) छायाचित्र, आवाळूविरहित.

साक्ष : वरचा अर्ज वाचला. माणूस तोच आहे, घोरण्यावरून ओळखते. कोथिंबिरीचे खरे आहे. चामखिळीला हात लावू देणार नाही, शब्द देते. मात्र एवढ्या मोठ्या अर्जात जागोजागी माझे नाव घातले आहे, ते घालण्यापूर्वी मला कोणी विचारलेले नाही, याची साहेबांनी नोंद घ्यावी.
— इंदू पाळंदे