पाचव्या प्रकरणासह

मी, प्लासिड फ्रान्सिस घोन्साल्विस, वय अठ्ठावन्न, वाणिज्य विषयाचा माजी प्रोफेसर, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. मी पूर्ण शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही. रागात मात्र आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे साक्षीदारांनी ध्यानात घ्यावे.

१. राहते घर, विहिरीच्या पाण्यातला माझा वाटा व बँकेतली शिल्लक पत्नी क्लेमेंटीन हिला. कायद्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक लागतो. जन्मभर व्यवस्थापकांशी भांडलो, तरी एक नेमणे आलेच, तीही क्लेमेंटीनच. तिने घर कधी घड्याळ लावून चालवले नाही आणि दारातून कोणी उपाशी गेले नाही.

२. माझा पानवेलींचा मळा भाऊ थॉमस याला. त्याचा स्वतःचा मळा त्याने एका परदेशी कंपनीच्या शब्दावर उपटला. साहेब आला, थॉमसच्या ओट्यावर बसून त्याने सुकेळी, म्हणजे आमची वाळवलेली केळी, खाल्ली आणि म्हणाला, राजेळी केळी लावा, होतील तेवढी सुकेळी आम्ही घेऊ. अर्ध्या वटारने बापजाद्यांच्या वेली उपटल्या. पुढे लंडनच्या कचेरीने खरेदी बंद केली. तिथल्या कोणी वटार नकाशावरसुद्धा पाहिले नसेल. थॉमस अजून म्हणतो, "साहेब माणूस चांगला होता रे, प्लासिड." असेलही. माणूस चांगला असूनही गाव बुडवता येते, हेच तर माझे संशोधन आहे. मळ्यातली एकही वेल कोणाच्या शब्दावर उपटू नये.

३. माझ्या कॉलेजला काहीही नाही. परदेशी कंपन्यांच्या कारभारावरील माझ्या ग्रंथातले पाचवे प्रकरण, म्हणजे वटारचे, गाळले तर छापू, असे विश्वस्तांनी कळवले. त्यांतले दोघे त्याच कंपनीचे भागधारक. मी नकार दिला, त्यांनी मला घरी बसवले. त्यांनी शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर क्लेमेंटीनने जाऊन बंद पाडावी.

४. ग्रंथाचे हस्तलिखित व सर्व हक्क थॉमसचा मुलगा फेबियन याला. होय, फेबियनलाच. पाचव्या प्रकरणासाठी तो माझ्याबरोबर दारोदार फिरला. लोक माझ्यापाशी बोलायला संकोचत, त्याच्यापाशी मन मोकळे करत. मग कंपनीने त्याला मुंबईच्या फोर्टात नोकरी दिली आणि वर्तमानपत्रात त्याच्या सहीचे पत्र आले, की शेतकऱ्यांनी वेली स्वखुशीने उपटल्या. स्वतःच्या बापाबद्दल त्याने हे लिहिले. त्या दिवसापासून मी त्याचे तोंड पाहिलेले नाही. क्लेमेंटीन म्हणते, "पोटासाठी केलं हो पोरानं. जेवायला बोलवा त्याला." मी बोलावणार नाही.

पण ते प्रकरण खरे आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. हस्तलिखितावर आम्हा दोघांची नावे आहेत. त्याचे नाव खोडायला मी कितीदा पेन उचलले. काम त्याचेही आहे, खोडता आले नाही.

फेबियन, छापायचे तर पाचव्या प्रकरणासह छाप. जाळायचे असेल तर आधी बापाला समोर बसवून ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखव, आणि मग जाळ.

सही: प्लासिड फ्रान्सिस घोन्साल्विस

वरील सही आमच्यादेखत झाली. आम्हां दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: डॉ. हिलरी डिमेलो, वटार
काशिनाथ राऊत, शिक्षक, आचोळे

मुक्काम वटार, १७ नोव्हेंबर १९५४