शंभर फील्डमध्ये सात

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

यावेळी मी थुंकीच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. नोकरीचा पहिला दिवस आणि पहिलेच काम न चुकता झाले. चिठ्ठी डबीच्या अंगावर लावायची, झाकणावर नाही. झाकणे बदलली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो. गोपाळरावांनी हे एकदाच सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले. गोपाळराव इथले टेक्निशियन. दवाखाना ट्रस्टचा आहे, लॅब दोन खोल्यांची, पण स्वच्छ.

डीएमएलटी या लॅबच्या कोर्सचे माझे एकच वर्ष झाले आहे. दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही, म्हणून मी फक्त मदतनीस. पण अक्षर पाहून गोपाळरावांनी नोंदवही माझ्याकडे दिली. ‘मूत्र’ शुद्ध लिहिणारा मदतनीस त्यांना पहिल्यांदाच मिळाला म्हणे. वहीचा एक नियम आहे. चूक झाली तर खोडरबर किंवा व्हाइटनर चालत नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. बाजूला खरे लिहायचे आणि सही करायची. मला हा नियम फार आवडला.

खोली हुडकेश्वरला मिळाली. घरमालक माझ्या बाबांबरोबर कळमेश्वरच्या कारखान्यात आहेत, रविवारीच घरी येतात. घरी पुष्पलताकाकू आणि त्यांची दुसरीतली मुलगी उन्नती. माझ्या आणि त्यांच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. उन्हाळ्यात कूलर माझ्याकडे लागेल आणि हवा त्या खिडकीतून दोन्ही खोल्यांना मिळेल. उन्नती वही घेऊन आली होती. तिला ह्रस्व आणि दीर्घ शिकवले. काकूंनी सांबारवडी दिली, कोथिंबिरीची. दिवस चांगला गेला.

शुक्रवार, ७ मार्च

आज पहिली स्लाइड स्वतः रंगवली. झाडूची काडी मोडायची आणि मोडक्या टोकाने थुंकीतला पिवळट भाग काचेवर पसरवायचा. वाळला की वर लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत द्यायची, वाफ निघेपर्यंत, पण उकळू द्यायचे नाही. पाच मिनिटांनी पाण्याने धुऊन वर आम्ल. आम्लाने सगळ्याचा लाल रंग उतरतो. फक्त क्षयाच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणासारखे आवरण असते. शेवटी निळा रंग. मग मायक्रोस्कोपखाली निळ्यामध्ये लाल काड्या दिसल्या तर पेशंट पॉझिटिव्ह.

गोपाळरावांनी मला त्या दाखवल्या. बारीक, जराशा वाकलेल्या. भिंगाखाली एका वेळी दिसतो तेवढा गोल म्हणजे एक फील्ड; काच शंभर वेळा सरकवून शंभर फील्ड पाहायचे. एकूण नऊपर्यंत सापडल्या तर नेमका आकडा लिहायचा. त्याहून जास्त असल्या तर एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. मी पंचवीस फील्डमध्येच मान वर केली, तेव्हा ते हसले.

“काहून घाई करून राहिला गा? या जंतूले पाह्य, घाई नाही. बाकीचे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होते, हा अख्खा दिवस घेते. बसते आपला छातीत, वर्ष वर्ष.”

शनिवार, २९ मार्च

पंधरा दिवसांपासून खोकला आहे. कूलरमुळे असेल. वजन ५६.

कागदावर पेशंटची लक्षणे मीच लिहून घेतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, घाम, भूक नाही. आज लिहिता लिहिता थांबलो.

मोठ्या बाबांची आठवण आली. म्हणजे मी त्यांना पाहिलेले नाही, ते माझ्या जन्माच्या आधीच गेले. बाबांचे थोरले भाऊ. घरात त्यांचे नाव घेत नाहीत, फोटो नाही. आईने एकदाच सांगितले होते. त्यांना हा आजार झाला तेव्हा त्यांची ताटवाटी वेगळी केली आणि त्यांना गोठ्यात ठेवले. तालुक्याच्या दवाखान्यात औषध फुकट होते. पण तिथे नेले तर लोकांना कळेल, बाबांचे लग्न मोडेल, म्हणून कोणी नेले नाही. वय सव्वीस होते. डाव्या करंगळीचे टोक कडबा कापताना गेलेले, आणि अक्षर फार सुंदर. एवढेच मला माहीत आहे.

शनिवार, ५ एप्रिल

आज मी एक काम केले ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे लिहिता येणार नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी आलो. डबीत स्वतःची थुंकी घेतली. चिठ्ठीवर ‘जितेंद्र’ हे माझे नाव घालायला हात धजला नाही. गोपाळरावांना कळले असते, नोकरी गेली असती. रविवारी काकूंच्या यजमानांना कळले असते आणि सोमवारी कळमेश्वरला बाबांना. म्हणून जे नाव पहिले सुचले ते लिहिले. कवडू. मोठ्या बाबांचे नाव. वय २६. पत्ता नंदनवन, पिठाच्या गिरणीमागची खोली. तिथे गिरणी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. नोंदवहीत ११२ क्रमांकाला व्यवस्थित नोंद केली. कुठेही चूक नाही.

सोमवार, ७ एप्रिल

दोन प्लस.

गोपाळरावांनी मला बोलावून दाखवले, शिकायला म्हणून. एकेका फील्डमध्ये चार, पाच, सहा. मी स्वतःच्या छातीत पाहत होतो आणि ते शेजारी उभे राहून म्हणत होते की बिचारा, घरात लेकरंबाळं नसली म्हणजे बरं.

पॉझिटिव्ह पेशंटचे नाव सरकारकडे कळवावेच लागते. मग संघपाल येतो. तो क्षयाच्या कार्यक्रमातला फिरतीचा माणूस आहे. पेशंटचे घर शोधतो, औषध सुरू करतो, घरातल्यांची तपासणी करतो. तो पत्ता घेऊन गेला. सापडणार नाही, ‘पत्ता चुकीचा’ असे लिहील आणि सगळे मिटेल.

मी औषधाचे नंतर पाहीन. दुसऱ्या गावी जाऊन सुरू करीन. उन्नतीला आता जवळ बसवत नाही, सांगितले की परीक्षा आहे. काकूंना कूलर बंद ठेवू या म्हणालो. त्या म्हणाल्या, एवढ्या उन्हात लेकराले उकडून मारता का.

कूलर सुरू आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

संघपालने आज सहज सांगितले. मी त्याला चहा देत होतो.

“भेटला ना गा तुमचा एकशे बारा नंबर. गिरणीमागंच राह्यते. चांगला माणूस हाय. कोणी आपल्याले शोधत आलं, याचंच त्याले नवल वाटून राहिलं होतं.”

पण असे होऊ शकते. कवडू नावाचे लोक आहेत, नंदनवनात गिरणीही असेल. मग त्या माणसाला विनाकारण औषध दिले जात आहे. ही माझी चूक. तिच्यावर रेघ मारून बाजूला खरे लिहायला हवे. वही समोरच होती.

संघपाल म्हणाला की तो खूप खोकतो, वजन ४७ आहे. मग त्याला खरेच आजार असेल. मी वही मिटली. मला बरेच वाटले, हे लिहायला लाज वाटते.

शनिवार, २६ एप्रिल

माझे वजन ५३. संघपालने नंदनवनच्या पेशंटचे कार्ड माझ्याकडे आणले, लॅबचा क्रमांक घालायला. ४७ कापून ५०. एकाच सरळ रेघेने कापलेले. मी विचारले की हे कोणी लिहिले. पेशंटनेच, म्हणाला. फार नीट लिहिणारा आहे.

तीन किलो. योगायोग.

गुरुवार, १५ मे

मी ५०. तो ५३.

संघपालला विचारले की माणूस दिसतो कसा. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हसला. तुयासारखाच हाय गा, म्हणाला, फक्त डाव्या करंगळीले शेंडा नाही.

जिना चढताना तीनदा बसलो. डोक्यात एकच गोष्ट – त्याला औषध मिळाले. तेव्हा मिळाले नाही ते आता मिळते आहे, माझ्या वाट्याचे, माझ्या छातीतल्या जंतूंवरचे. मी एका माणसाला सांगितले तरी हे थांबेल. काकूंना. गोपाळरावांना. कोणालाही.

उन्नती खोकते आहे. आठवडा झाला. काकू म्हणतात, बर्फाचे गोळे खाल्ले म्हणून.

मी हो म्हणालो. गोळेच, म्हणालो.

सोमवार, ९ जून

त्याची दोन महिन्यांची तपासणी. डबी मी येण्याआधीच टेबलावर होती. चिठ्ठी डबीच्या अंगावर, झाकणावर नाही. अक्षर –

सुंदर आहे.

मी स्वतः रंगवली. शंभर फील्ड पाहिले. मग आणखी शंभर. मग आणखी. सगळे निळे. एकही काडी नाही. तो बरा झाला.

मी आज रुमालात रक्त पाहिले. फक्त ठिपका. लाल – पाण्याने गेला, तरी मी धूत राहिलो.

गुरुवार, १२ जून

तो घरी आला होता.

दुपारी, मी लॅबमध्ये असताना. काकू सांगत होत्या. तुमच्या घरचेच वाटले, म्हणाल्या, तब्येतीने भरलेले, पण चेहरा तोच. पाणी प्यायले. घरच्याच पेल्यातून दिले तर डोळे भरून आले त्यांचे. ओसरीवर बसून उन्नतीला तोंड झाकून खोकायला शिकवले. जाताना काकूंना एक रिकामी डबी दिली. सकाळचा पहिला खाकरा यात घ्या आणि लॅबमध्ये पाठवा, म्हणाले, बर्फाच्या गोळ्यांनी महिनाभर खोकला येत नसते.

एवढे एक वाक्य. ते मला बोलता आले नाही.

मी सायकल काढून संघपालकडे गेलो. सगळे सांगणार होतो. त्याने आधी कार्ड पुढे केले. वजन ५६. खाली ‘घरातील इतर माणसे’ – पुष्पलता, उन्नती, जितेंद्र. पत्ता हुडकेश्वर. माझ्या नावापुढे ‘तपासणीस तयार नाही’.

संघपालने हळूच विचारले, हा तूच का गा. मी म्हणालो, दुसरा कोणी असेल.

तो म्हणाला, “मी त्याले विचारलं, काहून तयार नाही तो पोरगा? तर म्हणे, तो लाजते. माह्यापायी बी सगळे लाजले होते.”

मी सायकल तिथेच विसरून आलो.

शुक्रवार, १३ जून

गोपाळराव भाचीच्या लग्नाला वर्ध्याला गेले आहेत. आज आणि उद्या मी एकटा. स्लाइड रंगवून ठेव, म्हणाले होते, वाचू नको.

उन्नतीची डबी आली. काकू स्वतः घेऊन आल्या. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही, म्हणाल्या.

रंगवली. वाचली.

बारावा फील्ड – एक. एकोणतीस – एक. चव्वेचाळीस – दोन, एकमेकांना चिकटून. एकसष्ट. अठ्ठ्याहत्तर. त्र्याण्णव.

शंभर फील्डमध्ये सात.

सात. नेमका आकडा लिहायचा. पण सात लिहिले की संघपाल घरी येणार आणि काकू विचारणार, माझ्या लेकराला कोणापासून –

सात म्हणजे काहीच नाही. काच खराब असू शकते. रंगाचे खडे असतात. गोपाळराव परवा येतील, ते कशाला पुन्हा –

मी ‘निगेटिव्ह’ लिहिले. वेलांट्या बरोबर आहेत.

काकूंना फोन केला. त्या रडल्या. म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.

कूलर सुरू आहे. तिचा खोकला खिडकीतून येतो, माझा तिकडे जातो. एकाआड एक.

शनिवार, १४ जून. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

लॅबचे कुलूप मीच उघडले. नोंदवही उघडी होती.

माझ्या ‘निगेटिव्ह’वर एक रेघ. सरळ. खालचे वाचता येते. बाजूला ‘७’. बाजूला सही – कवडू.

म्हणजे कोणी पुसले नाही. मी काय लिहिले होते ते राहील. गोपाळराव वाचतील, संघपाल, काकू वाचतील. ते तसेच राहायला हवे, नियम आहे –

त्याच्या खालच्या ओळीला नवा क्रमांक. त्याच अक्षरात. जितेंद्र. वय २४. हुडकेश्वर. निकालाचा रकाना कोरा.

टेबलावर डबी. माझे नाव, डबीच्या अंगावर. झाकण उघडे.

बाहेर पेशंटच्या बाकावर कोणी बसले आहे. पाठ माझ्याकडे. खांदे भरलेले. घाई नाही त्याला. डावा हात बाकाच्या कडेवर – मी करंगळीकडे पाहत नाही.

संघपालचा नंबर लावला. रिंग जाते आहे. उचलला तर मी सांगेन. सगळे. आधी उन्नतीचे. तोवर माझा हिशेब लिहून टाकतो, म्हणजे मागे राहायला नको –

खर्च – खोकल्याचे औषध, चार बाटल्या, ४८०. रुमाल, ६०.
देणे – काकूंचे मे महिन्याचे भाडे, २५००.
येणे – कवडूकडून, नऊ किलो. नको. सोडले.
देणे – उन्नतीला