चिमट्यात बांधलेली माशी

फॉकलंड बेटं,
३ फेब्रुवारी १९६८

बाबा,

नमस्कार. मी धडधाकट आहे. तुम्हीही असाल आणि आमच्या बहिणाबाई थर्झाचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. इथं सध्या उन्हाळा आहे, म्हणजे वारा माणसाला आडवं पाडत नाही, नुसता ढकलतो. मेंढ्यांची कातरणी संपत आली. जेवायला सकाळी मटण, दुपारी मटण, रात्री मटण. रविवारी बदल म्हणून मटणावर बटाटा.

थर्झाच्या पत्रातून तुमचा निरोप मिळाला. तुमची नजर अधू होत चाललीय आणि हॉटेलात उतरणाऱ्या मासेमारांना गळावर पिसांच्या नकली माशा बांधून द्यायला घरात कुणीतरी हवं. तेव्हा मार्चात नदी मासेमारीला उघडायच्या आत माझ्या हातची एक माशी घरी पोचली पाहिजे. फेझंट पक्ष्याच्या शेपटीची, मऊ पिसाची, आपल्या घरच्या रीतीने नुसत्या बोटांत गळ धरून बांधलेली. पसंत पडली तर खिडकीजवळचं आजोबांचं बाक माझं. नाहीतर काकांच्या सेपचं.

माशी पाकिटात आहे. लोकरीच्या झुपक्यात खोचलीय, काढताना बोट सांभाळा.

आता ऐका. ती मी बोटांत धरून बांधलेली नाही. चिमट्यात बांधलीय.

हो, चिमट्यात. टेबलाच्या कडेला आवळायचा आणि गळ जबड्यात घट्ट धरून ठेवणारा तो लोखंडी चिमटा. लीड्सच्या त्या डॉक्टरांनी एकदा हौसेने तुम्हाला भेट दिला होता, तर तुम्ही त्यांच्यादेखत त्याच्यात अक्रोड फोडून खाल्लात. वर म्हणालात, "झकास चीज आहे डॉक्टरसाहेब, नाताळात फार उपयोगी पडेल." मी तेव्हा हसून लोळलो होतो. आता नाही हसणार.

माशी नीट उजेडात धरा, थर्झाचा चष्मा घ्या हवा तर. शेपटीच्या पिसाचे तंतू तांब्याच्या तारेबरोबर पिळून अंग केलंय. बारीक, काडीसारखं. गळाच्या टोकापुढे गेलेलं नाही. पुढच्या पिसाचे दोनच वेढे, तुम्ही शिकवलेत तसे. फेझंटचं पीस घरून आणलं होतं तेच. पुढचं पीस तितराचं लागतं, पण तितर इथं मिळत नाही, म्हणून ते आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या भुऱ्या कोंबडीचं आहे. बाई म्हणाल्या, "मानेचं एक पीस घे, आणि परत खुराड्याजवळ दिसलास तर तुझंच सोलीन." ओलं करून बघा, हे पीस तितराच्या पिसाइतकंच हलतं.

चिमटा मर्डोने बनवून दिला. मर्डो म्हणजे आमचा लोहार, स्कॉटलंडचा, तोंडाने वाईट. मेंढ्यांचे खूर छाटायच्या मोडक्या कात्रीतून त्याने जबडा काढला. मी बांधायला बसलो की डोक्याशी उभा राहायचा. "काय शिंपीणबाई, लग्नाचा झगा कधी होणार?" पण पहिल्या सगळ्या माशा बिघडल्या, दोरा तुटला, मी चिमटा भिंतीवर फेकला, तेव्हा त्यानेच तो उचलून आणला आणि पुन्हा टेबलाला आवळून दिला. "फेकायचाच तर लांब फेक," म्हणाला, "मला जवळ वाकावं लागतं."

आणि मर्डोच म्हणाला होता, "बोटांत बांधली म्हणून लिही की. म्हाताऱ्याला कळणार कसं?"

खरंच, बाबा, कळलं नसतं. तुम्ही भिंगातून बघितलं असतं तरी नाही. म्हणूनच लिहितोय. चोरून मिळवलेल्या बाकावर मला बसायचं नाही.

थर्झाने मागे विचारलं होतं, फोटोत माझा डावा हात खिशात का. मी लिहिलं, थंडी होती. थंडी नव्हती. गेल्या वर्षी लोकरीचे गठ्ठे दाबायच्या यंत्रात तो हात सापडला. अंगठा मुळातून गेला, पहिलं बोट निम्मं राहिलं. चूक कुणाची नाही, खुंटी निसटली आणि फळी खाली आली. जखम केव्हाच भरलीय. मेंढी धरतो, घोडा आवरतो. बारीक गळ मात्र त्या हातात थांबत नाही. थांबणारही नाही.

वर्षभर का कळवलं नाही? निघताना तुम्ही बंदरावर काय म्हणालात ते आठवा. "जा, पण हात सांभाळ. त्याखेरीज तुझ्यापाशी आहे काय?" शाळेने मला हाकललं होतं, त्यामुळे तुम्ही खोटं बोललात असं नाही. पण ते वाक्य घेऊन मी इथल्या दवाखान्यात पडलो होतो, बाबा. पट्टी सोडताना नर्स म्हणाली, बघू नकोस. मी बघितलं. आणि मनात म्हटलं, ठीक आहे, आता बघूया काय उरलंय ते.

काय उरलंय ते तुमच्या तळहातावर आहे. तिच्यासारख्याच दुसऱ्या माशीवर मी इथल्या नदीत ट्राउट धरलाय. समुद्रातून वर आलेला, चांदीसारखा, तुमच्या कोपरापर्यंत भरेल एवढा. माशी प्रवाहाबरोबर तिरकी वर येत होती, तिथेच घेतली त्याने. चिमट्याबद्दल काही विचारलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. आपली रीत मला कमी वाटत नाही. दोन अंगठे असते तर मी तशीच बांधली असती आणि सेपला लाजवलं असतं. पण ते नाहीत, आणि नाहीत म्हणून मी खाली मान घालून घरी येणार नाही. मी आलो तर त्या बाकाला चिमटा लागेल, भर खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. गावाने बोलायचं ते बोलावं. सेप हसेल, हसू दे.

नदी उघडली की ही माशी पुलाखालच्या डोहात स्वतः टाका. मग थर्झाकडून एकच शब्द कळवा. माशी चांगली असेल तर "ये". नसेल तर "नको", मी राग धरणार नाही, इथं काम पुष्कळ आहे. पण माझ्या हाताची कीव आली म्हणून "ये" म्हणणार असाल, तर बाबा, पाया पडतो, "नको" म्हणा.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
क्लेम