भाकरीच्या गाडीचं नवं नाक

उदगीर,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

देवणीच्या माणिकप्पाअण्णांना उदगीरहून तुमच्या दाजीचे, म्हणजे शंकरप्पाचे, शरणु शरणार्थ.

तुमचा गुडघा आता कसा आहे? पायऱ्या चढताना दुखतो की उतरताना, हे डॉक्टरला नीट सांगा. दोन्हीचे आजार वेगळे असतात असं आमच्या ऑफिसातल्या एकानं मला सांगितलं होतं (पुढे त्याचे दोन्ही गुडघे बदलावे लागले). वहिनींची साखर उतरली का? सोयाबीनला शेंगा बऱ्या लागल्यात असं कानावर आलं, ऐकून बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे जिवंत आहोत. हे मी उगीच लिहीत नाही.

फोन सोडून कागद का घेतला, असं तुम्ही म्हणाल. अण्णा, आमच्या घरात फोनवर बोलणं आणि माईकवर बोलणं यात फरक राहिलेला नाही. मी वाक्य सुरू केलं की तुमची बहीण आतून ते पुरं करते. व्हॉट्सअपवर लिहावं तर तिच्या भाकरीच्या ऑर्डरी माझ्याच नंबरवर येतात आणि त्या तीच बघते. तेव्हा पोस्ट ऑफिसातल्या बाकावर बसून लिहितो आहे. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो, बाहेर गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला म्हणून. आपली नव्हती. आपली असती तर पोस्टमास्तरही उठले असते.

तुम्हाला माहीतच आहे, बत्तीस वर्षं तहसीलमध्ये कारकुनी करून मी ज्या महिन्यात घरी बसलो, त्याच महिन्यात तुमची बहीण दानम्मा घराबाहेर पडली. आधी गल्लीत, मग बाजारात, आणि आता लातूर, नांदेड, बिलोली, पार हिमायतनगरपर्यंत तिची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जाते. त्यासाठी जुनी पांढरी गाडी घेतली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी अकरा दिवसांत ती चालवायला शिकली. मी डाव्या बाजूला बसतो. माझ्याकडे दोन कामं आहेत, पाट्या वाचणं आणि ‘हळू’ म्हणणं. दोन्ही मी इमानानं करतो आणि दोन्हीकडे कुणी लक्ष देत नाही. गाडी मात्र माझ्या स्वभावाची होती. चढ आला की दमायची, डबे भरलेले असले की अजूनच. मला ती फार आवडायची.

घोळ झाला तो ऑगस्टात, जळकोटच्या पुढच्या चढावर. मागं सव्वाशे डबे, पुढं आम्ही दोघं, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेली. मागून कडब्याचा ट्रॅक्टर आला आणि आमच्या पुढं निघून गेला. कडब्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं जाता जाता आम्हाला हात केला, चांगल्या मनानं केला. दानम्मानंही हात केला, पण तिचं तोंड मी बघितलं. तुमची बहीण चिडली तर मला फिकीर नाही, आयुष्यभराची सवय आहे. ती गप्प बसली की मात्र मला घाम फुटतो.

त्या दिवसापासून ती मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागली. गाडीची ताकद वाढवा, साडेआठशे रुपयांत. एक पोरगेला माणूस सांगायचा की इंजिन एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून श्वास घेतं, तो डबा म्हणजे बंद नाक. तो काढून टाका, त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाईप बसवा, मग बघा गाडी कशी पळते. मी विचारलं की एवढं सोपं होतं तर कंपनीनंच का नाही बसवलं. दानम्मा म्हणाली, “कंपनीला माझा जळकोटचा चढ ठाऊक हाय का?” याला उत्तर तहसीलच्या कोणत्याही परिपत्रकात नाही.

पार्सल आलं. आत लालभडक फिल्टर, हातभर चकचकीत पाईप, चार पट्ट्या आणि एक पत्रक. पत्रक मी दोनदा वाचलं. अक्षरं चिनी होती, पण सहा ठिकाणी त्रिकोणात उद्गारचिन्ह होतं आणि ते कुठल्याही भाषेत कळतं. रविवारी सकाळी दारात गाडी उभी करून तिनं पदर खोचला. शेजारचा संगमेश्वर (बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी वायर भरून देतो, शांत माणूस आहे) चहाचा कप घेऊन बघायला आला. दानम्मानं माझ्याकडे पूजेची ताटली दिली, निघतील ते स्क्रू धरायला. तिनं बॅटरीची वायर सोडवली, काळ्या डब्याचे बोल्ट काढले आणि तो डबा दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला. अण्णा, त्या जागी जे भगदाड दिसलं ते बघून मला जूनमधलं माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. ताटली एवढी थरथरत होती की स्क्रू वाजत होते. संगमेश्वर म्हणाला, “दाजी, तुमी बसा. तुमच्यानं गाडीला भ्या वाटायलंय.”

पाईप लांब निघाला. तो कापायला हवा होता. पण व्हिडिओवाला म्हणाला होता की थंड हवा खाली असते, म्हणून तिनं पाईप खाली वळवून फिल्टरचं तोंड पुढच्या बंपरच्या मागं, जमिनीपासून वीतभर वर आणून बांधलं. चिखल उडेल असं संगमेश्वर म्हणाला, तेव्हा तिनं घरातली मोठी गाळणी आणून तारेनं पुढं बसवली. सगळं गच्च आवळून तिनं गाडी चालू केली.

आवाज कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. पलीकडच्या गौरम्मांनी बोअर पाडायची मशीन आली, आता धूळ उडणार, असं समजून वाळत घातलेले कपडे आत नेले, एवढं लिहितो. दानम्माच्या तोंडावर जे हसू होतं ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. संगमेश्वरनं कान लावून ऐकलं, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि खाली उतरून म्हणाला, “वैनी, ताकद हाय तेवढीच हाय. आवाज तेवढा वाढला.” ती म्हणाली, असू दे. पुढच्या आठवड्यात जळकोटच्या चढावर तिनं एक ट्रॅक्टर मागं टाकला. वेगाच्या काट्याकडे मी बघितलं, पंचेचाळीसवर होता. गाडीची ताकद वाढली नव्हती हे मला मान्य आहे, पण तो आवाज ऐकून तुमच्या बहिणीच्या पायाची ताकद वाढली. मी दोन्ही हातांनी खिडकीवरची कडी धरून बसत होतो. रात्री झोपेत उशी धरायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या शनिवारी बिलोलीला एका लग्नाची ऑर्डर होती. दीडशे डबे, सहाच्या आत पोचायचे, जेवणं सातला. आदल्या दिवशी वरच्या बाजूला पाऊस झालेला. मुक्रमाबादच्या पुढं ओढ्यावर एक ठेंगणा पूल आहे, त्यावरून पाणी चाललं होतं. फार नव्हतं, कडेचे पांढरे दगड दिसत होते. आमच्यापुढं एक मोटारसायकल गेली. मी म्हणालो परत फिरू. दानम्मा उतरली, थोडं पुढं चालून पाणी किती आहे ते बघितलं (घोट्याच्या जरा वर) आणि परत येऊन पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पूर्वीची गाडी असती तर पार झाली असती. पण आता गाडीचं नाक बंपरखाली होतं. पुलाच्या मध्यावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली.

एवढी शांतता मी महिन्याभरात ऐकली नव्हती. खाली पाणी वाजत होतं. ते वाढत होतं की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही. मी म्हणालो परत चालू कर. तिनं चावीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, “पाणी पिलं असंल तर चालू केल्यावर इंजिन फुटतंय.” हे तिला त्याच व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं, हे इथं मुद्दाम नोंदवतो. मग तिनं गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला, मला ड्रायव्हरच्या जागेवर सरकवलं आणि म्हणाली की मी ढकलते. तुम्हाला ठाऊक आहे, मला गाडी येत नाही. लोकांना वाटतं येते, कारण मी पुढं बसतो. ऑपरेशनमुळे मला ढकलता येत नव्हतं आणि गाडी न येण्यामुळे धरता येत नव्हतं. तिनं माझे हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. “सरळ धरा, दुसरं काई करू नका,” एवढं बोलून ती मागं गेली.

मी आरशात बघत होतो. तिनं साडी वर खोचली, दोन्ही हात गाडीला लावले आणि जोर केला. गाडी हलली नाही. पुन्हा जोर केला, हलली नाही. तिसऱ्यांदा तिनं पाठ लावली, आणि आरशात ती दिसेनाशी झाली.

अण्णा, तुमचा-माझा संबंध तेहतीस वर्षांचा आहे म्हणून लिहितो. मी चाक सोडलं नाही. तिनं दुसरं काही करू नका सांगितलं होतं, आणि मी तेच केलं. हाकसुद्धा मारली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, चार श्वास असतील. मग तिचा हात मागच्या काचेवर आला, मग डोकं, केस ओले. पाय घसरला होता. ती उठली आणि खिडकीशी येऊन मलाच म्हणाली, “भिऊ नका.”

तेवढ्यात समोरून आनंदराज नावाचा एक ट्रॅक्टरवाला आला. देव भलं करो त्याचं. त्यानं ट्रॉली काठावर सोडली, ट्रॅक्टर उलटा पुलावर आणला, दोर बांधला आणि आम्हाला ओढून देगलूरपर्यंत नेलं. तिथं सत्यम नावाच्या मिस्त्रीनं प्लग काढले, स्टार्टर मारला, तेव्हा इंजिनातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या सदऱ्यावर. त्यानं दानम्माकडे बघून सांगितलं की अम्मा, पुलावर तुम्ही चावी फिरवली असती तर आज हे इंजिन भंगारात गेलं असतं. तेल बदललं, दोन तासांत गाडी चालू झाली. डबे मागच्या सीटवर असल्यामुळे कोरडे राहिले. साडेपाचला आम्ही बिलोलीत होतो. लग्नाच्या लोकांनी भाकरीची तारीफ केली आणि ओली बाई बघून कुणी काही विचारलं नाही.

तर अण्णा, या पत्राचं कारण हे की तुम्ही एकदा या आणि बहिणीला समज द्या. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. तो लाल फिल्टर काढायला लावा आणि जुना काळा डबा परत बसवायला सांगा. (डबा घरात आहे, सध्या त्यात कांदे ठेवलेत.) वहिनींना शरणार्थ सांगा, आणि गुडघ्यावर बसून देवपूजा करू नका.

तुमचा घाबरलेला दाजी,
शंकरप्पा

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी संगमेश्वर इथं भेटला, त्याच्याकडून कळलं की दानम्मानं काल स्वतःच पाईप निम्मा कापून फिल्टर वर, बॅटरीच्या शेजारी बसवला आहे. तेव्हा वरची समज देण्याची आता घाई नाही. खरं तर देऊच नका. या पत्राचा विषयही काढू नका.

ता. क. २ : गाडी का हलली नाही ते वर लिहिलेलं नाही. दोन दांडे (एक गिअरचा, एक हँडब्रेकचा) आणि तीन पेडल बघून मी गडबडलो आणि दोन्ही पाय मधल्या पेडलवर दाबून बसलो. तो ब्रेक होता. ती मागं जीव काढून ढकलत होती आणि मी पुढून गाडी धरून ठेवली होती. दोर बांधल्यावरही गाडी हलेना, तेव्हा आनंदराजनं खिडकीतून आत वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, “काका, पाय काढा.” मी काढले. दानम्मा तेव्हा मागं होती. चाकं गाळात रुतली होती असं ती गौरम्मांना सांगते. तिला खरंच तसं वाटतं, की तिला सगळं ठाऊक आहे आणि तरी ती तसं सांगते, हे मला विचारायचं धाडस होत नाही.

ता. क. ३ : तुमच्या मोकळ्या रानात तुमच्या जीपवर मला गाडी शिकवा. अकरा दिवसांत नाही जमणार, पण ब्रेक कुठला आणि तो कधी सोडायचा एवढं तरी येऊ दे. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघतो. घरी सांगितलंय की देवणीला अण्णांची नवी गाय बघायला चाललोय. तुम्ही नवी गाय घेतलेली नाही हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी एखादी दारात बांधून ठेवा आणि मला दाखवा. दानम्मानं रंग विचारला तर तो तरी खरा सांगता यावा.